पिंपातली मोटार

१

दोरीच्या पहिल्याच हिसक्याला मोटार सुरू झाली आणि अंगणातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. तो जीव तिथे फार वेळ टिकला नाही.

ताईच्या घरामागे, धक्क्याला लागूनच, एक लांबट अंगण होतं. भिंतीजवळ दोन खांबांवर जाड फळी ठोकलेली होती, फळीला ती जुनी, होडीच्या मागे लावायची आउटबोर्ड मोटार आवळून बसवली होती आणि मोटारीचा पाय खाली अर्ध्यात कापलेल्या पिंपातल्या पाण्यात बुडलेला होता. वापरलेली मोटार घेतली की बोटीवर चढवण्याआधी ती अशी जमिनीवर चालवून बघायची. बिघडली तर अंगणात बिघडते, खाडीच्या मधोमध नाही.

काल सकाळी याच फळीवर ती झकास चालली होती. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार अशी निघाली होती, की बघायला वाकलेल्या मिस्त्रीचा सदरा भिजला. ती धार म्हणजे मोटारीची नाडी. मोटार खालून पाणी ओढते, अंगभर फिरवून स्वतःला थंड ठेवते आणि त्यातलं थोडं त्या भोकातून बाहेर टाकते. धार दिसली की समजायचं, पाणी फिरतंय.

"धार कुठाय?" मिस्त्रीने विचारलं.

ताई वाकली. भोक कोरडं होतं. मोटार गुरगुरत होती, पिंपातलं पाणी हिंदकळत होतं, पण भोकातून थेंबही येत नव्हता. मग वास आला. तेलाचा नाही, रबराचा नाही. दूध उतू जावं आणि साखरेसकट विस्तवावर जळावं, तसा गोडसर करपट वास. मिस्त्रीने झडप घालून मोटार बंद केली आणि झाकणाला हात लावून तसाच मागे घेतला.

"तापली," तो म्हणाला. "आणखी थोडी चालली असती तर आतून जामच झाली असती."

आज दुपारी बंदराचे साहेब येणार होते. खाडीवरून माणसं ने-आण करायचा परवाना नव्याने द्यायचा होता आणि यंदापासून नुसत्या वल्ह्यांच्या होडीला तो मिळणार नव्हता. चालती मोटार दाखवली तर ताईची होडी राहणार. नाहीतर खाडी लाँचवाल्याची, आणि वडिलांपासून चालत आलेली होडी किनाऱ्यावर पालथी पडणार. सगळा धक्का तिला ताई म्हणायचा, तिच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा. होडी गेली तर कोण कशाला ताई म्हणेल, हे तिला नीट कळत होतं.

मिस्त्रीने पुन्हा नाक पुढे केलं, वास घेतला आणि सगळ्यांकडे वळून बघितलं. चेहरा उतरला होता त्याचा.

"ही जळकी साखर आहे," तो म्हणाला. "कुणीतरी पेट्रोलमध्ये साखर घातलीय."

२

अंगणात एकदम गलका झाला. ताईची धाकटी बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. धाकटीचा नवरा, नुकतंच लग्न झालेला, लांबच्या मोठ्या शहरात वाढलेला आणि सगळ्या घराचा जावईबापू, बाह्या सरसावून पुढे आला. धाकटीला माहेरपणाला घेऊन आल्यापासून या माणसाने एक काम सोडलं नव्हतं. नळ दुरुस्त केला, तो आता जास्त गळत होता. दाराची कडी बसवली, ती आता आतून लागत नव्हती.

"लाँचवाला," जावईबापू म्हणाले. "दुसरं कोण? परवाना कुणाला मिळणार? यात विचार काय करायचा?"

मिस्त्रीने तोवर पिशवीतून पाने काढले होते. "पूर्ण खोलावी लागेल. एकेक भाग धुवायचा म्हणजे उद्याची संध्याकाळ."

"उद्या साहेब नसतील," ताई म्हणाली.

"मिस्त्री, ते पाने खाली ठेव."

हा आवाज फाटकातून आला होता आणि मिस्त्रीने खरोखरच पाने खाली ठेवले. फाटकात आत्या उभी होती. आत्या म्हणजे ताईच्या वडिलांची बहीण. उभा जन्म तिने परीक्षेच्या वर्गावर पहारा देण्यात घालवला होता. चिठ्ठी खिशातून बाहेर यायच्या आत आत्याचा हात पुढे यायचा, अशी तिची कीर्ती. धक्क्यावरची निम्मी माणसं तिच्या वर्गात घाम पुसत पेपर लिहून मोठी झाली होती आणि आजही ती जवळ आली की उगाच सरळ बसायची.

आत्याने चप्पल काढली, बाकावर बसली आणि सगळ्यांना एकदा न्याहाळलं.

"मोटार नंतर उघडू," ती म्हणाली. "आधी माणसं उघडू. मोटारीपेक्षा लवकर उघडतात."

ताईला या अशा वेळीही हसू आलं आणि लगेच रडूही. आत्याने तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"घाबरू नकोस. प्रत्येकाला एकच प्रश्न. मोटारीला तुझा हात कधी लागला आणि काय केलंस? तू नुसतं ऐक."

३

मिस्त्री पहिला.

"बाई, मी विकलेली मोटार मीच कशाला मारू?"

"खराब असेल तर खापर साखरेवर फोडायला," आत्या शांतपणे म्हणाली.

मिस्त्रीचे कान लाल झाले. "काल इथे सगळे उभे होते. धार बघितली ना? माझा सदरा बघा, डाग आहे अजून. काल सकाळी मी खाडीचं पाणी भरून चालवली, कारण खाडी हाताशी होती. समुद्रावर चाललेली मोटार आहे, आत मीठ धरलेलं असतंच. म्हणून जाताना ताईंना सांगून गेलो, की संध्याकाळी एकदा गोड्या पाण्यात चालवून ठेवा, मीठ निघून जाईल. त्यानंतर हात लागला तो आज सकाळी, दोरीला."

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "मी संध्याकाळी होडीवर होते. म्हणून जावईबापूंना सांगितलं, तेवढं गोड्या पाण्यात चालवून ठेवा."

जावईबापू जणू आपला नंबर यायची वाटच बघत होते.

"मी सांगितल्याबरहुकूम सगळं केलं आत्याबाई. सकाळचं खारं पाणी फेकलं. गोडं पाणी करून घेतलं. मोटार चालवली, चांगली दहा-पंधरा मिनिटं. मग पाणी भिंतीशी ओतून दिलं, पिंप पालथं घातलं, मोटार कोरड्या फडक्याने पुसली. तेव्हा काही म्हणजे काही बिघाड नव्हता. म्हणजे जे काही झालं ते माझ्यानंतर झालं. पेट्रोलच्या टाकीला कुलूप नाही, हे मी काल बोललोही होतो. आता टाकी रिकामी करून धुवायची का? मला स्कूटरचा अनुभव आहे."

"नको," मिस्त्री, ताई आणि धाकटी एकदम म्हणाले, आणि मिस्त्रीने नंतर घसा खाकरला.

आत्या मात्र जावईबापूंकडे बघतच राहिली. वर्गात एखाद्या बाकाशी थबकावं, तशी. मग म्हणाली, "जावईबापू, घरातून एक काचेची बरणी आणा. रुंद तोंडाची, अगदी स्वच्छ. घाई करू नका, नीट धुऊन, पुसून, वाळवून आणा."

काम मिळाल्याच्या आनंदात जावईबापू आत पळाले. धाकटीही पाठोपाठ गेली, बरणी फुटू नये म्हणून.

लाँचवाल्याला बोलवावं लागलं नाही. तो हातात चहाचा पेला घेऊन स्वतःच फाटकातून आत आला. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. धक्क्यावर बातमी पोचायला वेळ लागत नाही.

"माझं नाव घेतलं म्हणे कुणीतरी," तो म्हणाला आणि मग बाकावर आत्या दिसली. "नमस्कार बाई."

"नमस्कार. मोटारीला हात कधी लावलास?"

"कधीच नाही. बाई, मला परवाना हवा आहे, खोटं कशाला बोलू? पण साखर?" त्याने पेला आत्याच्या नाकाशी धरला. "एक घोट घ्या."

आत्याने घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बिनसाखरेचा," लाँचवाला म्हणाला. "सकाळपासून लाँचवर असाच चहा विकतोय आणि माणसांच्या शिव्या खातोय. काल अंधार पडायला माणूस पाठवला तर दुकानात साखरेचा दाणा नाही. कुणीतरी होती नव्हती तेवढी उचलून नेली म्हणे. दुकानदार सकाळीच माल आणायला पलीकडे गेलाय, नाहीतर त्यालाच उभा केला असता इथे."

मिस्त्री संशयाने म्हणाला, "तूच उचलली असशील. आणि आता बिनसाखरेचा चहा पितोस, दाखवायला."

"माझं तोंड बघ आणि मग बोल," लाँचवाला म्हणाला. खरंच, इतका दुःखी चहा पिणारा माणूस ताईने आजवर पाहिला नव्हता.

आत्याने पेला परत केला. "दुकानातली सगळी साखर," ती स्वतःशीच म्हणाली. "माणसाला वाईटच करायचं असेल तर मूठभर पुरते. सगळं दुकान कोण उचलतं?"

मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक नाव राहिलंच की. आज पहाटे पिंप कुणी भरलं?"

४

ताईला ते नाव मघापासून ठाऊक होतं आणि म्हणूनच तिने ते घेतलं नव्हतं.

आज पिंप भरलं होतं काकांनी. काका रक्ताच्या नात्याचे नव्हते. वडिलांबरोबर होडीवर वल्ही मारणारे, वडील गेल्यावर ताईबरोबर मारणारे. तिला पाण्यात पहिल्यांदा ढकलणारे काका आणि बाहेर काढणारेही तेच. पण मोटार घ्यायचं ठरल्यापासून त्यांचं बिनसलं होतं. परवाच सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही फटफटी आली की माझी वल्ही चुलीत घाला. जेवण तरी शिजेल." सगळे हसले होते. काका हसले नव्हते.

ती उठली. आत्या म्हणाली, "ताई, थांब जरा," पण ताई थांबली नाही. डोकं तापलं होतं तिचंही. दुपार जवळ येत होती.

काका खाली उतारावर होडीत बसले होते आणि वल्ह्याला तेल लावत होते.

"काका, पिंप तुम्ही भरलंत?"

"हो. नळाच्या पाण्याने. मिस्त्री म्हणाला होता ना, गोडं पाणीच बरं."

"मोटारीजवळ आणखी कुणी आलं होतं?"

"मी होतो तोवर कुणी नाही."

पुढचं वाक्य ताईने बोलायला नको होतं. तिला ते ओठांवर येतानाच कळलं आणि तरीही ते बाहेर आलं. "काका, पेट्रोलमध्ये तुम्ही तर काही घातलं नाही ना?"

काकांचा हात वल्ह्यावर थांबला. त्यांनी फडकं घडी करून ठेवलं.

"पोरी, तुझ्या बापाने मला हे विचारलं असतं का?"

काका होडीतून उतरले, वल्हं तिथेच आडवं ठेवलं आणि धक्क्याच्या टोकाकडे चालत गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना ताईला वाटलं, मोटार नसती गेली आणि आपली जीभ गेली असती तर बरं झालं असतं. आणि तरीही मनाचा एक कोपरा म्हणत होता, त्यांनी नाही म्हटलं नाही.

"ताई." वरून आत्याची हाक आली. हाकेत कधी नव्हे ती लगबग होती. "वर ये. आणि भिंतीशी येताना खाली बघून चाल. माझा साक्षीदार तुडवशील."

५

ताई धावत वर आली आणि भिंतीशी येऊन थबकली. खाली मुंग्या होत्या. दोन-चार नव्हेत, शेकड्यांनी. भिंतीलगतची हातभर माती मुंग्यांनी काळी झाली होती. तिथून एक रांग निघाली होती, खांबावर चढली होती, फळीवरून मोटारीकडे गेली होती.

आत्या गुडघ्यावर बसली होती. लाँचवाला आणि मिस्त्रीही तिच्या दोन्ही बाजूंना बसले होते आणि तिघांची डोकी एकमेकांना लागत होती.

"बघ," आत्या म्हणाली. "मुंगीला तुझा परवाना नको, तिला कुणाशी वैर नाही. तिला फक्त साखर कळते. आता सांग, मुंग्या कुठे आहेत?"

"मातीत. मोटारीवर."

"मोटारीवर कुठे?"

ताईने निरखलं. रांग झाकणाशी नव्हती. ती मागच्या बारीक भोकाशी जाऊन दाटली होती. दुसरी रांग मोटारीच्या पायावरून खाली जात होती, जिथे पाणी ओढायची जाळी असते तिकडे, आणि पिंपातल्या पाण्याशी जाऊन अडली होती.

"आणि पेट्रोलच्या टाकीवर?"

टाकी फळीखाली बाजूला होती. झाकण, नळी, कडा, सगळं ताईने पाहिलं. एकही मुंगी नव्हती.

मिस्त्री ताडकन उठला. खिशातून बारीक तार काढली, मागच्या भोकात घातली आणि फिरवून बाहेर ओढली. तारेच्या टोकाला तपकिरी, चिकट गोळा आला. त्याने तो बोटांत धरून ताणला. लांबच लांब तार निघाली.

"पाक आहे हा," तो म्हणाला. "साखरेचा पाक. पेट्रोलमध्ये नाही, पाण्याच्या वाटेत. मोटार तापलेली असताना बंद केली, आतलं उरलेलं गोड पाणी तिथेच आटलं आणि भोक बुजलं. पण पाण्यात साखर कोण घालील? असं वैर कुणी ऐकलंय?"

"वैर नाहीच," आत्या म्हणाली. "मघाशी एकाने मला सगळं सांगितलं. तुम्ही सगळे ऐकत होता. पाणी माणूस काय करतो? भरतो. ओततो. आणतो. तो म्हणाला, गोडं पाणी करून घेतलं. करून. माझ्या जन्मात मी लिंबाचं सरबत करणारे पाहिले, पिंपभर पाणी करणारा हा पहिलाच."

त्याच वेळी घरातून जावईबापू आले. हातात लखलखीत बरणी, पाठीमागे धाकटी.

"आत्याबाई, अगदी कोरडी केली."

"छान. ठेवा तिथे, आता ती लागणार नाही. जावईबापू, मला एक सांगा. भाजीत मीठ जास्त झालं तर धाकटी काय करते?"

जावईबापू गोंधळले, पण उत्तर त्यांना येत होतं. "चमचाभर साखर घालते. खारटपणा मरतो."

"आणि मोटारीत मीठ धरलं तर?"

"तेच की," जावईबापू अभिमानाने म्हणाले. "गोडं पाणी. पण मोटार केवढी आणि पिंप केवढं, चमच्याने काय होणार? दुकानात होती तेवढी सगळी साखर आणली. विरघळायला तासभर ढवळत होतो. तुम्हीच तर सांगितलं होतं ना ताई, गोड्या पाण्यात चालवा म्हणून?"

लाँचवाल्याच्या पोटातून एक घरघर निघाली आणि बघता बघता तो भिंतीला टेकून डोळे पुसायला लागला. मिस्त्री खाली बसला. धाकटीने ओढणी तोंडावर घेतली आणि तिचे खांदे हलायला लागले. ताईलाही हसू आवरेना. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि ते काकांसाठी होतं.

जावईबापूंचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. त्यांना आत्ता कळत होतं.

"आमच्याकडे पाणी म्हणजे पाणी," ते पुटपुटले. "नळाला येतं ते. त्याला कुणी गोडं म्हणत नाही."

"मग विचारायचं होतं," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता पहाऱ्याचा राहिला नव्हता.

"कसं विचारणार? आल्यापासून सगळे म्हणतात, तुम्हाला काय सांगायचं जावईबापू, तुम्हाला सगळं येतं." त्यांनी मान खाली घातली. "मला काहीच येत नाही. तो नळसुद्धा आधी कमी गळत होता."

धाकटीने ओढणी बाजूला केली आणि चारचौघांत त्यांचा हात धरला.

आत्या उठली, गुडघ्यावरची माती झटकली. "गुन्हेगार सापडला, गुन्हा सापडला नाही. मिस्त्री, साखर कशात विरघळते?"

मिस्त्रीचे डोळे चमकले. "गरम पाण्यात बाई. खोलायची गरजच नाही. पण पिंपभर गरम पाणी आणायचं कुठून? आणि साहेब पोचलेच की." त्याने धक्क्याकडे बोट दाखवलं. टोपी घातलेला एक उंच माणूस कागदांची चामडी पेटी घेऊन रस्त्यावरून उतरत होता.

६

"माझ्या लाँचवर चहाचा बंब आहे," लाँचवाला म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"बघता काय? उद्या सगळा धक्का म्हणेल, याने साखर घातली म्हणून याला परवाना मिळाला. मला तसला परवाना नको. शिवाय हा चहा असाही कुणी पीत नाहीये." आणि तो पोट सावरत धावत सुटला. त्याला धावताना धक्क्याने कधी बघितलं नव्हतं.

पुढचा वेळ कसा गेला ते ताईला नंतर आठवेना. आत्या साहेबांना सामोरी गेली आणि त्यांच्या परीक्षांची चौकशी करायला लागली. साहेब कुठल्या शाळेत होते, पर्यवेक्षक कोण होते, सगळं तिला कळायलाच हवं होतं. इकडे लाँचवरून बादल्या येत होत्या, घरातून पातेली येत होती. जावईबापू सगळ्यांत पुढे होते, पण आता प्रत्येक वेळी विचारत होते, "यात काही घालायचं नाही ना?" आणि धाकटी प्रत्येक वेळी म्हणत होती, "नाही हो."

पिंप वाफाळलं. मिस्त्रीने मागच्या भोकात तार फिरवली, खालची जाळी घासली, पाय गरम पाण्यात मुरू दिला. मग त्याने ताईकडे बघितलं. "दोरी तुम्ही ओढा. मोटार तुमची आहे."

ताईने ओढली. मोटार खोकली आणि बंद पडली. पुन्हा ओढली. ती सुरू झाली. भोक कोरडं. मिस्त्रीने झाकणावर हात ठेवला, दुसरा हात बंद करायच्या बटणावर. भोकाच्या काठावर एक तपकिरी थेंब आला. लोंबला, पडला. मग दुसरा. मग एक चिकट गुळणी फुर्रकन बाहेर आली, आणि तिच्यामागून धार सुटली, आधी काळपट, मग पिवळी, मग स्वच्छ, थेट मिस्त्रीच्या सदऱ्यावर.

"आली," जावईबापू ओरडले आणि लाँचवाल्याला मिठी मारून बसले.

मोटार निवली, पुसली, चौघांनी उचलून होडीच्या मागच्या फळीला आवळली. साहेबांनी ती हलवून पाहिली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "दुसरा माणूस कोण? एकट्या माणसाच्या होडीला परवाना देता येत नाही."

जावईबापूंनी हात वर केला. धाकटीने तो खाली ओढला.

ताई धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली. काका तिथेच बसले होते, पाय खाली सोडून.

"काका, मी चुकले," ती म्हणाली. "साखर कुणी घातली ते कळलं म्हणून सांगत नाही. ते कळलं नसतं तरी मी चुकलेच होते. तुम्हाला तसं विचारायलाच नको होतं. मोटार आली तरी तुमच्याशिवाय मी होडी पाण्यात घालणार नाही. परवाना गेला तर गेला."

काका पाण्याकडे बघत राहिले.

"परवाना जातो म्हणजे काय," ते अखेर म्हणाले. "काहीतरीच." आणि हात पुढे केला, उठायला आधार म्हणून. तेवढा आधार त्यांना लागत नव्हता. ताईने तो घट्ट धरून ठेवला.

होडी धक्क्यापासून सुटली. मधल्या फळीवर साहेब, मागे मोटारीचा दांडा धरून ताई, आणि पुढे काका. त्यांच्या हातांना काम नव्हतं. ते कधी गुडघ्यांवर, कधी काठावर जात होते. मोटारीची धार मागे पाण्यात पडत होती आणि धक्क्यावरची माणसं लहान होत होती. ताईला काकांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती.

खाडीच्या मधोमध काका वळले. डोळे भरलेले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"पोरी, जन्मभर ही खाडी मी पाठमोरा ओलांडली. वल्ही मारणाऱ्याला मागचंच दिसतं. पलीकडचा किनारा असा समोरून येताना मी कधी बघितलाच नव्हता." त्यांनी पुन्हा पुढे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी काठ धरला. "एवढंच पळतं का हे? जरा जोरात घे की."

ताईने मूठ पिळली. साहेबांनी टोपी धरली.